चौदा नंबरला दोनच मार्क

शीला रणपिसेने नवऱ्याला घराबाहेर काढलं, ही बातमी बदलापूरच्या बेलवलीत मंगळवारी सकाळी दुधाच्या पिशव्यांच्याही आधी पोचली. दुसऱ्या मजल्यावरच्या माईंनी ती जिन्यात सांगितली, जिन्यातून ती इस्त्रीवाल्याकडे गेली, आणि इस्त्रीवाल्याकडून फिरून माईंकडे परत आली तेव्हा तिच्यात एक सुटकेस आणि बरीचशी रडारड वाढलेली होती. राजेंद्र रणपिसे रविवारपासून उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या कारखान्यात झोपतो, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणी ते कोणालाच माहीत नव्हतं. पण पाहिलं होतं.

आता खरं काय ते सांगून टाकू. काढलं होतं हे खरंच. पण घरातून नव्हे, यादीतून.

शीला अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात आहे, लॅबमध्ये. रंगाचा घट्टपणा मोजायचा, चकाकी मोजायची, आकडे वहीत लिहायचे, असं वीस वर्षं चाललंय. सहा वर्षांपूर्वी त्या वहीचा तिला इतका वैताग आला की ती आपल्या आपण कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला शिकली. आकडे आत टाकले की रिपोर्ट बाहेर. साहेब लोक चकित झाले आणि तिला आणखी काम लावलं, ते सोडा. पण बाईला नाद लागला. तिने आपल्यासारखे नादिष्ट गोळा केले. कोणी फॅक्टरीतला, कोणी बँकेतला, दोन-चार पोरी मुंबईच्या ऑफिसांतल्या. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, म्हणून यांची बैठकही शुक्रवारी दुपारी, बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत. ऑफिसवाल्या पोरी शुक्रवारी घरून काम करायच्या आणि दोन तास हळूच निसटायच्या. जगात बाकी ठिकाणी असले ग्रुप शनिवार-रविवार भेटतात. आपल्याकडे शुक्रवार. चार वर्षं एकही शुक्रवार चुकला नाही.

या ग्रुपमध्ये राजेंद्र कोण? तर कोणीच नाही. तो कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. शुक्रवारी त्यालाही सुट्टी, म्हणून तो शीलाला स्कूटरवर अभ्यासिकेत सोडायचा, चहाचा थर्मास मागच्या बाकावर ठेवायचा, आणि थर्मासच्या शेजारी स्वतः बसायचा. पोरं त्याला 'मास्टर' म्हणायची आणि कप पुढे करायची. घरी तो संध्याकाळी शीलाचा जुना लॅपटॉप घेऊन बसे. शीलाला वाटायचं, पत्ते खेळतात.

यंदा ग्रुपने मोठा घास घेतला. दिवसभराची कॉन्फरन्स, अंबरनाथमध्ये, एका कॉलेजच्या हॉलमध्ये. कर्जतपासून नाशिकपर्यंतचे प्रोग्रॅमिंगवाले लोक येणार, सहा जण स्टेजवरून बोलणार. ठाण्याच्या ग्रुपमधल्या मंडळींनी तोंड वाकडं केलं होतं. 'तिकडे कोण येणार एवढ्या लांब?' म्हणाली. शीलाने ते मनावर घेतलं. सगळं नियमाने करायचं, कोणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. आणि पहिला नियम तिनेच लिहिला: कोण बोलणार ते नाव झाकून ठरवायचं. ज्याला बोलायचंय त्याने आपला विषय लिहून पाठवायचा. सईने, म्हणजे ऑफिसवाल्या पोरींतल्या सगळ्यांत काटेकोर पोरीने, नावं काढून नंबर घालायचे. मग तिघांनी दहापैकी मार्क द्यायचे: शीला, फॅक्टरीतून रिटायर झालेले शशिकांत काका, आणि उल्हासनगरचा जितेश. आणि नियमाच्या खाली जाड अक्षरात: 'लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील मजकुरात असू नये.'

एकतीस मजकूर आले. शीला आठवडाभर त्यांना मार्क देत होती. चौदा नंबरला तिने दिले दोन.

त्याचं काय झालं ते शनिवारी संध्याकाळी कळलं. सईने सगळ्यांना निकालाचे मेल पाठवले, त्यात मार्क देणाऱ्यांचे शेरेही होते, अर्थात त्यांचीही नावं काढून. रणपिशांकडे चहा चालला होता. राजेंद्रची आई, सरस्वतीआई, बशीत चहा ओतत होती. राजेंद्रचा फोन वाजला. त्याने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचलं. मग मोठ्याने, पोरगं धडा वाचतं तसं, वाचायला लागला.

"'विषय पूर्ण हवेत आहे. लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी हाताने काम केलेलं दिसत नाही.'"

शीलाचा कप हातातच राहिला. "हे तुमच्याकडे कसं आलं?"

"माझंच आहे. चौदा नंबर."

"तुम्ही? तुम्ही पाठवलं होतं?"

"नाव काढलेलं होतं ना. म्हणून पाठवलं."

"अहो, पण त्यात काय होतं... वेडेवाकडे आकार अरुंद पट्टीत बसवायचे, आकार फिरवायला बंदी... मला वाटलं कॉलेजातलं पोर आहे, पुस्तकातून उचललंय."

"तूच लिहिलं होतंस, ओळख पटेल असं काही ठेवायचं नाही. तीन वेळा वाचून खोडलं मी. जीन्स खोडली. टेबल खोडलं. खडू खोडला, कात्री खोडली. उरलं ते पाठवलं."

"हा शेरा माझाच कशावरून?"

"एकवीस वर्षं ऐकतोय. तुझी वाक्यं मला नंबर घालून ओळखू येतात."

सरस्वतीआईने बशी खाली ठेवली. "कोणी कोणाला काय लिहिलं?"

पंचवीस वर्षं ज्या माणसाच्या तर्जनीला कात्रीचा घट्टा आहे, त्याला बायकोने लेखी कळवलं होतं की तू हाताने काम करत नाहीस. रविवारी सकाळी तो म्हणाला, मोठी ऑर्डर आहे, दोन-तीन दिवस तिकडेच राहीन. ऑर्डर होती हे खरं. पण ऑर्डरी आधीही असायच्या आणि माणूस घरी यायचा.

बातमी फिरल्यावर सरस्वतीआईने बुधवारी लेकाला फोन केला. "माई माझ्याकडे बघून मान हलवते. तू घरी ये, नाहीतर मी तिकडे येऊन टेबलावर झोपते." तो आला. जेवला, झोपला, सकाळी गेला. शीलाशी बोलला ते दोनच शब्द: 'मीठ दे.'

जिन्यात माईंनी तिला अडवलंच. "आले वाटतं साहेब परत?"

"कुठे गेले होते?" शीला म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. पण खाली स्टँडवर शेअर रिक्षात बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण लॅबची चावी घरीच विसरलोय. वीस वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवारी आणखी एक झालं. ज्या सहा जणांची निवड झाली होती त्यातला पुण्याचा उन्मेष गळाला. कंपनी त्याला परदेशी पाठवत होती. कॉन्फरन्सला उरले दहा दिवस आणि एक जागा रिकामी.

शुक्रवारी अभ्यासिकेत चौघे बसले. खिडक्या उघड्या, कारण शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट बंद असतात. थर्मास नव्हता, थर्मासवाला नव्हता.

सईने कागद समोर ठेवला. "वेटिंगमध्ये पहिला नऊ नंबर, एकोणीस मार्क. मग दोन जण अठराचे. मग चौदा नंबर, सतरा."

शशिकांत काकांनी घसा साफ केला. फॅक्टरीत तीस वर्षं युनियनशी वाटाघाटी केलेला माणूस, घसा साफ करूनच अर्धं काम करायचा. "हे बघ शीला. चौदा नंबर कोणाचा ते तूच सांगितलंस, आता सगळ्यांना ठाऊक आहे. मी आठ दिलेत, जितेशने सात. तुझे दोन. नियम काय म्हणतो? घरच्या माणसाला मार्क द्यायचे नाहीत. म्हणजे तुझे दोन रद्द. मग दोघांची सरासरी काढली की राजेंद्र थेट वर जातो. नऊ नंबरच्याही वर."

"बस, झालं ना सॉल्व," जितेश म्हणाला. "मॅडम, इतनी सी बात आहे. आपण उगाच टेन्शन घेतोय."

"इतनी सी नाही," शीला म्हणाली. "मी दोन दिले तोवर माझे मार्क धरले. नवरा निघाला तर रद्द केले. आणि रद्द केले की तो वर. ठाण्यातली माणसं हे ऐकून काय म्हणतील? रणपिशांचं घरचं कार्य, म्हणतील. जेवायला बोलावलंय."

"मग राहू दे दोन."

"दोन चुकीचे आहेत, काका."

"म्हणजे नवरा आहे म्हणून चुकीचे?"

हा प्रश्न काकांनी सहज विचारला, पण शीलाने समोरचा कागद उलटा ठेवला. कारण नेमका तोच प्रश्न ती शनिवारपासून स्वतःला विचारत होती. नाव कळल्यावर तिला तो मजकूर चांगला वाटायला लागला होता का? की मजकूर मुळातच चांगला होता आणि तिला दिसला नव्हता? हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. तिचं तोंड एकदा गोड झालं होतं, आता चव कशी घेणार?

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून मी मार्क देणार नाही. तुम्हीही नाही, तुम्हाला नाव माहितीये. नाशिकच्या ग्रुपमधले देवदत्त आहेत, आपल्यातल्या कोणीही त्यांना पाहिलेलं नाही. वेटिंगमधले सगळे मजकूर त्यांना जातील. नंबरानिशी."

"पण चौदा आहे तसाच गेला तर तेही दोनच देतील," जितेश म्हणाला. "त्यात आहे काय? सगळं खोडलंय."

"म्हणून नियम बदलायचा. नाव झाका, काम झाकू नका. वेटिंगमधल्या चौघांनाही उद्या दुपारी चारपर्यंत मजकूर नव्याने लिहायची मुभा. कामाचं सगळं येऊ दे, फक्त माणूस कोण आणि दुकान कोणाचं ते नको. आता मेल कर सई. चौघांना एकच मेल. एक अक्षर कमीजास्त नाही."

सई लिहायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "ताई, एक सांगू? ही मुभा घरी नीट समजावून सांगाल ना?"

"नाही. बाकीच्या तिघांच्या घरी कोण समजावणार आहे?"

समजावणार नव्हती, पण अभ्यासिकेतून निघाल्यावर ती घरी गेली नाही. बदलापूरहून विठ्ठलवाडी, तिथून शेअर रिक्षा, आणि पाच वाजता कॅम्प तीनच्या त्या बोळात, जिथे दोन्ही बाजूंना शिलाईच्या मशिनी आणि मधे निळ्या कापडाचे गठ्ठे, ती एकवीस वर्षांत तिसऱ्यांदा पोचली. ऑर्डरमुळे सुट्टी असूनही कारखाना चालू होता. जनरेटरचा आवाज पोटात वाजत होता.

दारात मालकाचा जुना सिंधी माणूस भगवान पट्टीने चिंध्यांची गोणी दाबत होता. "भाभी! आओ आओ. मास्टर, भाभी आली."

राजेंद्रने मान वर केली आणि परत खाली घातली. त्याच्या समोर लांब टेबलावर निळ्या कापडाचे थर अंथरलेले, त्यावर खाकी कागद. कागदावर जीन्सचे सगळे भाग, पुढचा पाय, मागचा पाय, खिसे, कमरेची पट्टी, एकमेकांना इतके बिलगून आखलेले की मधे बोट जाणार नाही.

"हे खडूनं काढलं?" शीलाने भगवानला विचारलं. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती.

"खडू गया, भाभी. मास्टर लॅपटॉपवर करतो, मग तिकडे कोपऱ्यावर मोठी प्रिंट काढतो. पहिले एवढी गोणी चिंध्या निघायची." त्याने छातीपर्यंत हात नेला. मग कमरेपर्यंत आणला. "आता एवढी."

"आणि हा खिसा आडवा घातला असता तर आणखी जागा वाचली नसती?"

भगवान हसला. उत्तर मात्र टेबलाकडून आलं, कागदाकडे बघतच. "ताणा, कापडाचा उभा धागा, उभाच राहायला लागतो. आडवा कापला की धुतल्यावर खिसा पिळवटतो. म्हणून आकार फिरवायला बंदी. लिहिलं होतं ते."

'आकार फिरवायला बंदी.' तिने त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. कारण न देता घातलेली अट, असं मनात म्हणाली होती.

तिला खूप काही म्हणायचं होतं. हेच लिहा. ताण्याचं लिहा, खिसा पिळवटतो ते लिहा, गोणी छातीवरून कमरेवर आली ते लिहा. एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं, आणि तेच एक वाक्य बोलायला तिला मनाई होती, तिनेच दोन तासांपूर्वी केलेली.

"सईचा मेल आला असेल," ती म्हणाली. "चौघांना आलाय. उद्या चारपर्यंत मुदत. बाकी मला काही बोलता येत नाही."

"तुझं बोलून झालंय," राजेंद्र म्हणाला. "लिहूनच दिलंस."

कात्रीचं मशीन सुरू झालं. भगवानने शीलाकडे पाहिलं, मास्टरकडे पाहिलं, आणि गोणीत पट्टी खुपसत स्वतःशीच म्हणाला, "साईं, ह्यापेक्षा आमचं बरं. माझी बायको भांडी फेकते. हिसाब त्याच दिवशी पूरा."

शनिवारी शीला कामावर गेली. त्यांच्या कारखान्यात ठिणगीचं भय, म्हणून फोन गेटवरच्या कप्प्यात ठेवून आत जावं लागतं. सकाळी आठला फोन कप्प्यात गेला. चार वाजता मुदत संपणार होती आणि तिला ते कळायला साडेचार वाजणार होते. त्या दिवशी तिने एकाच पांढऱ्या रंगाचा घट्टपणा तीन वेळा मोजला आणि तीन वेगळे आकडे लिहिले. शेजारची बाई म्हणाली, "शीला, रंग बदलत नाहीये, तू बदलतेयस." तीन वाजता ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची थांबली. सव्वातीनला परत बघायला लागली. राजेंद्र हट्टी, हे तिला माहीत होतं. एकदा सासऱ्यांनी भर पंगतीत 'तुला वरण वाढता येत नाही' म्हटलं, तेव्हापासून या माणसाने कोणाच्याही लग्नात वरणाची बादली हातात धरलेली नाही.

साडेचारला गेटवर तिने फोन हिसकावल्यासारखा घेतला. सईचा मेसेज होता: 'चौघांपैकी एकाचाच नवीन मजकूर आला. बाकीचे जुनेच जातील.'

तिने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. "सई, कोणाचा आला?"

"ताई, ते कसं सांगू?"

"अगं, मी आता मार्क देत नाहीये."

"पण नियम आहे ना. निकाल लागेपर्यंत नंबर आणि नाव फक्त माझ्याकडे. तुम्हीच लिहिलाय."

"नंबर तरी सांग."

"नंबर म्हणजे नावच झालं की."

शीलाने फोन ठेवला. पोरगी आपणच घडवली, आता बोलणार कोणाला?

घरी राजेंद्र लवकर आला होता. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, किंवा नसतं. पण विचारायचं म्हणजे 'पाठवा हो' म्हणून मिनतवारी केल्यासारखं, आणि आता तर मुदतही संपलेली. तिने भाकरी थापली. शेवटी सरस्वतीआईला राहवलं नाही.

"पाठवलंस का रे ते?"

"काय?"

"मला काय ठाऊक काय! ते, जे पाठवायचं होतं ते."

"आई, कालवण वाढ."

"पाठवलं म्हणून कालवण की नाही पाठवलं म्हणून?"

"भूक लागली म्हणून."

रविवार असा गेला. सोमवारी दुपारी कामावरून सुटल्यावर शीलाने गेटवर फोन उघडला. सईने ग्रुपवरच टाकलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. नाशिकहून मार्क आले. नऊ नंबरला सात. दोघांना सहा-सहा. चौदा नंबरला आठ. खाली देवदत्त यांचा शेरा: 'चौदाने ताण्याचं आणि पिळवटणाऱ्या खिशाचं लिहिलंय ते उत्तम. पण कापड धुतल्यावर आकसतं, उभं वेगळं, आडवं वेगळं. ते प्रोग्रॅममध्ये धरलेलं दिसत नाही. स्टेजवर हे कोणीतरी विचारणारच. तयारी करून यावं.'

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. मग शेवटच्या दोन ओळी परत वाचल्या. आत येणं वेगळं, स्टेजवर उभं राहणं वेगळं. आकसण्याचं त्याला माहीत नसेल असं नाही, रोज डोळ्यांसमोर आहे. पण ते प्रोग्रॅममध्ये घालायला हातात सहा दिवस. आणि आता सगळ्यांना माहीत होतं की हा शीलाचा नवरा. तो अडखळला असता तर लोक त्याला हसणार नव्हते, नियमाला हसणार होते.

संध्याकाळी राजेंद्र लॅपटॉप घेऊन बसला. तिने पलीकडे बसून मटार सोलले. अर्धा किलो मटार संपले. मग तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला,

"ते उभ्याला वेगळा आकडा, आडव्याला वेगळा. दोन द्यायचे तर कसे द्यायचे?"

नऊ दिवसांत पहिला प्रश्न. शीला उठली नाही, उठली असती तर तो बिचकला असता. तिथूनच म्हणाली, "तुकडा आत घेतानाच दोन्हीने गुणून घ्या. पुढे काहीच बदलायला नको."

"मांडायच्या आधी?"

"आधी."

"मग शिलाईची कड त्याच्यात धरायची की बाहेर?"

"ते मला नाही माहीत. ते तुम्ही सांगा."

त्याने बोटाने मांडीवर एक कड आखून पाहिली. "त्याच्यात," म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. पण सरस्वतीआईने आतून विचारलं, "भांडताय की बोलताय? आवाज कळत नाहीये," म्हणजे काहीतरी सुधारलं होतं.

कॉन्फरन्सच्या दिवशी कॉलेजचा हॉल भरला. ठाण्याचे नऊ जण आले आणि पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसले. माईही आल्या होत्या. प्रवेश सगळ्यांना खुला आणि जेवण आहे, हे त्यांना इस्त्रीवाल्याकडून कळलं होतं. राजेंद्रचं बोलणं जेवणाआधीचं शेवटचं. तो इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर गेला, माइक हातात घेतला आणि बोटाने ठोकून पाहिला. एकदा. दोनदा. शीला मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिचे हात आपोआप ओढणीची गाठ मारत होते आणि सोडत होते.

"मी कटिंग मास्टर," तो शेवटी म्हणाला. "इंग्लिश मध्येच येईल, मध्येच जाईल."

कोणीतरी हसलं. त्याने प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर रिकामी निळी पट्टी, आणि काहीच होईना. एक तुकडा नाही. हॉलमध्ये खुर्च्या करकरायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या एकाने घड्याळ पाहिलं. शीलाच्या मनात आलं, जाऊन सांगावं का, छोटा नमुना लावा, मोठा नको. ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

"विचार करतोय तो," राजेंद्र पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाला. "तीस पँटींचे तुकडे आहेत. मला पहिले यालाच अर्धा दिवस लागायचा, आणि मी मध्ये चहा पण प्यायचो. याला एक मिनिट तरी द्या."

मिनिट पुरं व्हायच्या आत पट्टीवर तुकडे येऊन बसायला लागले, एकामागोमाग, जसे काही आपापल्या जागा ओळखत होते. मग प्रश्न आला, पुढच्या रांगेतूनच. धुतल्यावर आकसतं त्याचं काय? राजेंद्रने खिशातून डेनिमचे दोन चौकोन काढले, एक कोरा, एक धुतलेला, आणि एकावर एक धरून दाखवले. मग पडद्यावरचे दोन आकडे दाखवले. विचारणारा उठून पुढे गेला आणि ते चौकोन हातात घेऊन बघायला लागला. मग त्याच्या शेजारचा उठला. हाताच्या घड्या सुटल्या होत्या.

टाळ्या वाजल्या तेव्हा शीला भिंतीपासून सुटली आणि सरळ जेवणाच्या रांगेची व्यवस्था बघायला निघून गेली. डोळे पुसायचे होते की पुऱ्या मोजायच्या होत्या, ते तिचं तिला ठाऊक. माईंनी तिला तिथेच गाठलं, हातात ताट घेऊन.

"सगळं कळलं हो मला," माई म्हणाल्या. "त्या सईने सांगितलं. काय ग बाई, एवढा उपद्व्याप! नाशिकला पाठवा, नियम बदला, नवऱ्याशी आठ दिवस अबोला. त्यापेक्षा नाव कळलं त्याच संध्याकाळी दोनाचे सहा केले असतेस तर कोणाला पत्ता लागणार होता?"

शीलाने माईंच्या ताटात पुरी वाढली.

"मग हे जन्मभर म्हणाले असते, बायकोनं चढवलं. आता जन्मभर म्हणतील, बायकोनं पाडलं होतं. मला हे ऐकायला परवडतं."